पाय टेकू नका!

(द्वितीय वर्ष, कला)

पुढच्या वर्षीची सहल मालवणला न्यावी, सिंधुदुर्ग किल्ला पाहावा आणि जातोच आहोत तर सर्वांनी समुद्रातली पोवळीही पाहून यावीत, अशी सूचना विद्यार्थी मंडळाच्या सभेत आली आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाल्यासारखीच झाली. विरोध कोणी केला नाही. मीही केला नाही. कारण मालवणला जायला माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो त्या सूचनेतल्या 'सर्वांनी' या शब्दाला. एका बसमधून उतरलेली पन्नास मुले-मुली एकाच होडीवाल्याच्या गळ्यात पडून एकाच वेळी पाण्यात उतरली, तर त्यांना पोवळी दिसतील की नाही ते सांगता येत नाही, पण ती तुडवली मात्र नक्की जातील. हे सांगायला सभेत मला कोणी दोन मिनिटे दिली नसती. संपादकांनी चार पाने दिली आहेत, तेव्हा सविस्तर लिहिते.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगायला हवे, कारण त्या सभेत निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे पाठीवर सिलिंडर बांधून तळाशी जाणारा पाणबुड्या होता. ते स्कूबा. स्नॉर्केलिंग त्याहून पुष्कळ साधे आणि पुष्कळ जुने आहे. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा चश्मा, तोंडात धरायची एक वाकडी नळी, अंगात लाइफ जॅकेट. एवढ्या सामग्रीनिशी माणसाने पाण्यावर पालथे पडायचे, तोंड पाण्यात, नळीचे टोक पाण्याबाहेर, आणि श्वास तोंडाने घ्यायचा. बुडी मारायची नसते. आकाशातून घारीने गाव पाहावे तसे वरून पाहायचे असते. ऐकायला हे सोपे वाटते. अवघड काय असेल तर पालथे पडून राहणे. पण त्याकडे मी नंतर येईन.

गेल्या डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नानिमित्त मालवणला गेले असता आम्ही चौघी बहिणी-बहिणींनी हे केले. आमच्याबरोबर वाटाड्या एकच होता. वय तिशीच्या आतबाहेर, वडील रापणीवर जाणारे, स्वतः लहानपणापासून त्याच खडकांवर कालवे काढत वाढलेला. पहिल्या दिवशी आम्ही पैसे हातात घेऊनच गेलो, तर त्याने समुद्राकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "आज पाणी ढवळलेला आसा. पैशे घेऊन तुमका काय गढूळ दाखवू? उद्या येवा." शेजारच्या होडीवर त्याच वेळी माणसे भरणे चालू होते. त्याच्या बोलण्यात उपदेश नव्हता, जाहिरातही नव्हती. गवंडी पावसात गिलावा करायला नको म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हांला लगेच होडीत घेतले नाही. कंबरभर पाण्यात पंधरावीस मिनिटे नुसता नळीने श्वास घ्यायला लावला. नळीत पाणी शिरले तर जोराने फुंकर मारून कसे काढायचे, चश्म्याच्या काचेवर धुके धरू नये म्हणून आतून थुंकी कशी चोळायची (माझ्या मावसबहिणीने या ठिकाणी माघार घेण्याचा विचार केला होता), आणि अंगठा वर किंवा खाली याचा अर्थ काय, हे सगळे तिथेच. दिवस अष्टमीच्या मागचा-पुढचा होता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार असते आणि तळाची माती वर येते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी त्यामानाने शांत असते. आमच्या घरी पंचांग एकादशी आणि संकष्टी पाहण्यापुरतेच उघडतात. त्याचा उपयोग समुद्राच्या तळाशी काय दिसेल हे ठरवायलाही होतो, हे मला तिथे कळले.

आता जे दिसले त्याविषयी. रंगीत कॅलेंडरावरचे अंदमानचे किंवा ऑस्ट्रेलियाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून जो मालवणला जाईल त्याची निराशा होईल, हे मी आधीच सांगून ठेवते. लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही आपल्या देशातली पोवळ्यांची मोठी ठिकाणे. मालवणला तसे सलग प्रवाळाचे बेट नाही. किल्ल्याभोवती जे खडक बुडालेले आहेत त्यांवर ठिकठिकाणी पोवळ्यांनी वस्ती केलेली आहे, एवढेच. पाण्यात नद्यांचा गाळ असतो, त्यामुळे चार-पाच हातांपलीकडचे अंधुक होत जाते. रंग तपकिरी, मळकट हिरवा, मध्येच एखादा जांभळट. पहिली दोनतीन मिनिटे मला वाटले की शेवाळ धरलेले दगडच पाहते आहे. मग वाटाड्याने एका गोलसर ढेकळाकडे बोट दाखवले. त्याच्या पृष्ठभागावर मेंदूला असतात तशा घड्या होत्या. पुढे कोबीची पाने एकात एक बसावीत तशी पातळ पाने असलेले एक होते. आणि एका ठिकाणी खडकावर बारीक फुलांचा ताटवा पाण्याबरोबर डुलत होता. ती फुले नव्हती, प्राणी होते. डोके वर काढल्यावर तो म्हणाला, "तो दगड नाय, जितो आसा. पाय टेकू नकात."

हे वाक्य मी आमच्या महाविद्यालयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे मानते. आपण कला शाखेचे विद्यार्थी. पोवळे आपल्याला भेटते ते नायिकेच्या ओठांच्या उपमेत, नाहीतर मंगळाचा त्रास म्हणून ज्योतिषाने सांगितलेल्या अंगठीत. (अंगठीतले तांबडे पोवळे वेगळे, ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते.) संस्कृतात त्याला 'विद्रुम' असाही शब्द आहे आणि त्यात 'द्रुम' म्हणजे झाड आहेच. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत विद्वान त्याला वनस्पतीच समजत. पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने हे प्राणी आहेत असे लिहून पाठवले, तेव्हा पॅरिसच्या विज्ञानसभेत ते मांडणाऱ्या रेओमूरने लेखकाचे नावच सांगितले नाही; बिचाऱ्याचे हसे होऊ नये म्हणून! आज शाळकरी पोरालाही पुस्तकात सापडते ते असे: पोवळे म्हणजे मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या असंख्य जिवांची वसाहत. प्रत्येक जीव स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि घरभाडे म्हणून त्यातले बरेचसे घरमालकाला देते. रंगही मुख्यतः त्या भाडेकरूचाच. मेंदूसारखे गोल, भरीव जातीचे पोवळे वर्षाकाठी सेंटिमीटरभर वाढले तरी पुष्कळ. म्हणजे घागरीएवढे एखादे आपल्या आजोबांच्या वयाचे असू शकते. त्यावर एकदा टाच रुतली की वरची नाजूक कातडी खरवडली जाते, तिथे शेवाळ धरते आणि कधीकधी ती जखम भरतच नाही.

तेव्हा टाच कोणाची रुतते, हा खरा प्रश्न आहे. सर्वसाधारण समज असा की बेशिस्त, मस्तीखोर पर्यटकाची. मी त्या सकाळी जे पाहिले त्यावरून माझे मत निराळे झाले. आमच्यापासून थोड्या अंतरावर दुसऱ्या एका होडीतून दहाबारा जण एकदम उतरले होते, त्यांच्यासाठी पाण्यात माणूस एकच. त्यांत मस्ती करणारे दोघे असतील. बाकीचे घाबरलेले होते. घाबरलेला माणूस पाण्यात उभा होतो, हा नियम आहे. तोंडात नळी, नाक बंद, नळीत एक घोट पाणी शिरले की डोके वर येते. डोके वर आले की कंबर वाकते, पाय खाली जातात आणि आधार शोधू लागतात. भरती ओसरत असेल तर पुरुषभरसुद्धा खोली नसते. पायांना आधार सापडतोच, आणि तो आधार म्हणजे ते आजोबांच्या वयाचे पोवळे. लाइफ जॅकेट त्याला बुडू देत नाही, पण पालथेही राहू देत नाही. ज्याला पाण्यावर अंग सोडून देता येत नाही त्याला ते उभेच करते. त्या माणसांपैकी एकानेही मुद्दाम काही मोडले नाही. एक बाई तर पाण्याखाली काय आहे ते न पाहताच, खडकावर उभी राहून, देवाचे नाव घेत होती. तिला दोष कसा देणार?

म्हणून लहान गट हवा. चार माणसे असली की वाटाड्याला चौघांचे चेहरे दिसतात. कोणाचा श्वास फुलला, कोणाची नळी वाकडी झाली हे त्याला त्या माणसाच्या आधी कळते. आमच्यातल्या धाकटीचे पाय खाली जाऊ लागताच त्याने तिच्या पोटाखाली हात देऊन तिला आडवे केले आणि रबरी कडे हातात दिले. बाराजणांत हे जमणे शक्य नाही, मग तो वाटाड्या कितीही कसबी असो. तेव्हा लहान गट ही श्रीमंतांची चैन आहे, असे जे आमच्या सभेत कोणीतरी ओरडले ते मला पटलेले नाही. ती चैन नाही, ती त्या कामाची अट आहे. वर्गात शंभर मुले बसवता येतात. पोहायच्या विहिरीत बसवता येत नाहीत.

पण पैशाचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. चौघांना नेले तर माणशी खर्च वाढतो. मालवण-तारकर्ली भागात हंगामात, म्हणजे दिवाळी ते मे, इतक्या होड्या आणि इतके दलाल आहेत की 'पाच खेळ एका पावतीत' असे पुकारे ऐकू येतात. दर पडला की गट वाढतो, हे गणित अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सांगायला नको. ज्याने आम्हांला 'उद्या येवा' म्हटले त्याचा त्या दिवसाचा धंदा शेजारच्या होडीने घेतला असणार. असे किती दिवस तो म्हणू शकेल? नियम वनखात्याने करावेत, सागरी मंडळाने करावेत, हे खरेच आहे. पण गिऱ्हाइकाने स्वतःहून 'आम्हांला चारचारांत न्या, पाणी गढूळ असेल तर नेऊ नका' असे म्हटले तर त्या चांगल्या वाटाड्याच्या हाताला बळ येते. पन्नासजणांचे महाविद्यालय हे मोठे गिऱ्हाईक आहे. आपण दर पाडून मागण्यासाठी आपली संख्या वापरणार, की हे मागण्यासाठी?

इथे मालवणच्या लोकांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सहलीला जाणाऱ्यांना तिची कल्पना नसते. १९८७ साली सरकारने मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. पोवळ्यांचे महत्त्व तोवर अभ्यासकांच्या ध्यानात आलेले होते. १९७९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. कासिम आणि त्यांच्या सहकाऱ्याने पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत पोवळ्यांची नोंद प्रसिद्ध केली होती. मच्छीमारांनी मात्र अभयारण्याला कसून विरोध केला आणि तो वर्षानुवर्षे चालला. पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळे टाकले तिथे उद्या पाऊल टाकता येणार नाही, ही भीती मला तरी समजते. त्याच घरांतली मुले आज वाटाडे झाली आहेत. जाळे टाकणाऱ्याला 'इथे येऊ नको' म्हणायचे आणि शहरातून आलेल्या बाराजणांना त्याच खडकावर उभे करायचे, हा न्याय नव्हे. रापणवाल्याने अभयारण्यासाठी काही सोडायचे असेल तर आपण सहलवाल्यांनीही काही सोडले पाहिजे. निदान गर्दी तरी.

दुसरा एक आक्षेप अधिक गंभीर आहे. आमचे एक प्राध्यापक चहाच्या टपरीवर म्हणाले, "अग, समुद्रच तापतो आहे. तुमच्या टाचेने काय होणार?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापून महिनाभर तसेच राहिले की पोवळे त्या शेवाळाला अंगाबाहेर टाकते आणि पांढरे पडते. लगेच मरत नाही; उपाशी राहते. पाणी वेळेवर निवले तर सावरते, नाही तर मरते. १९९८, २०१०, २०१६ या साली लक्षद्वीपला हे झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा झाले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ही साथ जगभर असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. मालवणलाही पांढरी पडलेली पोवळी अभ्यासकांनी पाहून नोंदली आहेत. पण यावरून सरांनी काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. घरात माणूस तापाने फणफणला असेल तर 'नाहीतरी आजारीच आहे' म्हणून आपण त्याच्या छातीवर पाय देऊन पलीकडे जात नाही. समुद्र निवणे आपल्या महाविद्यालयाच्या हातात नाही. टाच आहे.

हवाईमध्ये हनौमा नावाचा एक उपसागर आहे. तिथे एके काळी लोक माशांना खाऊ घालत आणि पोवळ्यांवर बिनधास्त चालत. १९९९ साली खाऊ घालणे बंद केले. २००२ पासून पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाला नऊ मिनिटांचा एक माहितीपट पाहावाच लागतो. रोजच्या माणसांच्या संख्येला मर्यादा आहे आणि आठवड्यातले काही दिवस उपसागराला सुट्टी असते. मालवणला अजून पाव आणि बिस्किटांचे पुडे घेऊन माणसे उतरतात. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा त्यावर तुटून पडतो, फोटो झकास येतो, आणि खडकावरचे शेवाळ खाऊन पोवळ्याला जागा मोकळी ठेवायची त्यांतल्या काही माशांची कामगिरी बाजूला राहते. नऊ मिनिटे आपल्याला मालवणच्या वाटेवर बसमध्येही काढता येतील. अंताक्षरीतून.

आता पालथे पडण्याकडे येते. आपल्या वर्गात मी सहज विचारले. पोहता येते का? हात वर केले त्यांत मुलगे बरेच होते, मुली मी धरून तीन. मुलगे गावच्या विहिरीत, कालव्यावर शिकलेले. मीही विहिरीतच शिकले, कारण माझ्या आजोबांना नातू नव्हता. पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनी मला पायरीवरून ढकलले होते, आणि आजी काठावर उभी राहून त्यांना नाही नाही ते बोलत होती. एरवी मुलींना विहीर दाखवतात ती पाणी भरायला. म्हणजे उद्या आपण मालवणला गेलो तर पोवळ्यांवर उभ्या राहणार त्या प्रामुख्याने आपल्या मुली. मग मुली कशा घाबरट, अशी चर्चा बसमध्ये परतीच्या वाटेवर होईल आणि ती मला ऐकावी लागेल.

कपड्यांचा प्रश्न काढाल तर तो समुद्रानेच सोडवलेला आहे. आमच्या वाटाड्याने आम्हांला लांब बाह्यांचे आणि पायघोळ, अंगासरशी बसणारे कपडेच घालायला सांगितले होते. पाण्यावर पालथे पडल्यावर पाठ उन्हाने भाजते, आणि उन्हासाठी लावायच्या मलमांतली काही द्रव्ये पोवळ्यांना अपायकारक असल्याचे मानतात. हवाईत २०२१ पासून तशा मलमांच्या विक्रीवर बंदीच आहे. अंगभर कपडा घातला की मलम लागत नाही. कोणाच्याही आईची यावर तक्रार असणार नाही.

तेव्हा सहल समितीपुढे माझी मागणी अशी. सहल मालवणलाच न्या, पण डिसेंबर-जानेवारीत, आणि तारीख अष्टमीच्या जवळची पाहा. पाण्यात उतरायचे ते चारचारांनी. पन्नासजणांच्या तेरा तुकड्या होतात. तीन वाटाडे ठरवले आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या तर अडीच तासांत सगळ्यांचे होते. तोवर बाकीच्यांनी किल्ला पाहावा. १६६४ साली पाया घातलेला, तीन वर्षांत उभा राहिलेला किल्ला अडीच तासांतही पाहून होत नाही, आणि इतिहासाच्या सरांना इतका निवांत श्रोतृवर्ग एरवी मिळत नाही. ज्याला पाण्यावर पाच मिनिटे पालथे तरंगता येत नाही त्याने किंवा तिने या वर्षी पाण्यात उतरू नये. आणि किनाऱ्यावर पडलेला पोवळ्याचा तुकडा, मेलेला असला तरी, कोणी खिशात घालून आणू नये. २००१ पासून पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीत आहेत. वाघ ज्या सूचीत आहे त्याच. भूगोल विभागाच्या कपाटासाठी म्हणूनसुद्धा नको.

या मागणीमुळे निम्मी मंडळी काठावर राहतील, हे मला दिसते आहे आणि ते मला नको आहे. उपाय आहे. जूनपासून डिसेंबरपर्यंत सहा महिने मिळतात आणि पाच मिनिटे तरंगायला शिकण्यास इतका वेळ लागत नाही. नगरपालिकेचा तलाव महाविद्यालयापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. तिथे मी चौकशी करून आले. महिलांसाठी दिवसातून एकच वेळ राखून ठेवलेली आहे, सकाळी दहा ते अकरा, आणि शिकवायला बाईही आहेत. त्याच वेळी आपला सक्तीच्या इंग्रजीचा तास असतो. तो तास दुपारी हलवता येईल का, हे प्राचार्यांनी जूनपूर्वी सांगावे. फॉर्म भरायला मुली मी गोळा करते.